विकेंद्रीकरणास परकीय साहाय्य आणि त्याचे मूल्यमापन : युगांडाच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

परकीय साहाय्यातून एखादे धरण बांधले, तर त्या साहाय्याचे मूल्यमापन कसे करावे ह्याबद्दल फारसा मतभेद होत नाही. धरण उभे आहे की नाही, त्यात पाणी साठते की नाही, कालव्याखाली किती क्षेत्र भिजले आणि त्यासाठी किती खर्च आला, हे मोजता येते. परंतु हेच साहाय्य जेव्हा एखाद्या देशातील राज्यसत्तेचे विकेंद्रीकरण व्हावे म्हणून दिले जाते, तेव्हा मोजावयाचे नेमके काय, हा प्रश्न उपस्थित होतो. कायदा संमत झाला, परिषदा निवडून आल्या, सदस्यांस व सेवकांस प्रशिक्षण मिळाले, अनुदाने वाटली गेली, ह्या सर्व गोष्टी अहवालात नोंदविता येतात. तथापि त्यांतील कोणतीही एक गोष्ट म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे. विकेंद्रीकरण हा केंद्रसत्ता आणि स्थानिक संस्था ह्यांच्यामधील एक संबंध आहे, आणि संबंध पालटला की नाही हे केवळ वस्तू मोजून कळत नाही.

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. १९९० नंतरच्या काळात आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका ह्या खंडांतील अनेक देशांनी विकेंद्रीकरणाची धोरणे स्वीकारली आणि जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था व पश्चिम युरोपातील देश ह्यांनी त्यांस पैसा पुरविला. ह्या साहाय्याचे मूल्यमापन चुकीच्या मापाने झाले, तर ज्या संस्थेच्या हातून सत्ता हळूहळू निसटत आहे तीच संस्था अहवालात यशस्वी म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. युगांडा ह्या पूर्व आफ्रिकेतील देशात असेच काहीसे घडले. विकेंद्रीकरणाचे आदर्श उदाहरण म्हणून हा देश दीर्घकाळ दाखविला जात असल्यामुळे त्याचा अनुभव विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

विकेंद्रीकरण ह्या शब्दाचे तीन अर्थ

विकेंद्रीकरण हा एकच शब्द तीन भिन्न व्यवस्थांसाठी वापरला जातो. केंद्र सरकारच्या खात्याने आपले अधिकारी राजधानीतून जिल्ह्यात पाठविले आणि त्यांस काही निर्णय तेथेच घेण्याची मुभा दिली, तर तो कामाचा विस्तार झाला, सत्तेची वाटणी झाली नाही. अधिकारी वरिष्ठांसच जबाबदार राहतो. दुसऱ्या प्रकारात एखादे विवक्षित कार्य स्थानिक संस्थेकडे सोपविले जाते, परंतु ते केव्हाही परत घेण्याचा हक्क केंद्राकडे राहतो. तिसऱ्या प्रकारात लोकांनी निवडलेल्या संस्थेस स्वतःचे अधिकारक्षेत्र, स्वतःचे सेवक व स्वतःचे उत्पन्न कायद्याने प्राप्त होते आणि ती आपल्या मतदारांस जबाबदार राहते. खरे सत्तादान हेच होय.

मूल्यमापनाच्या दृष्टीने ह्या तीन अर्थांतील भेद निर्णायक आहे. पहिल्या दोन प्रकारांत कामाची कार्यक्षमता पाहिली म्हणजे पुरते. तिसऱ्या प्रकारात मात्र कार्यक्षमतेबरोबर स्वायत्तता पाहावी लागते, आणि ह्या दोन गोष्टी नेहमीच हातात हात घालून चालतात असे नाही. केंद्राच्या आज्ञेनुसार उत्तम हिशेब ठेवणारी जिल्हा परिषद कार्यक्षम असूनही परतंत्र असू शकते.

मूल्यमापनाच्या प्रचलित कसोट्या

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये साहाय्याच्या मूल्यमापनासाठी पाच कसोट्या सांगितल्या : प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगतता ही सहावी कसोटी त्यांत घालण्यात आली. साहाय्यदात्या देशांच्या बहुतेक अहवालांची मांडणी ह्या कसोट्यांनुसार होते आणि सर्वसाधारण प्रकल्पांच्या बाबतीत त्या उपयुक्तही आहेत.

परंतु ह्या कसोट्या लावताना व्यवहारात मूल्यमापनाचा घटक प्रकल्प हा धरला जातो. प्रकल्पास आरंभ असतो, अंत असतो, ठराविक निधी असतो आणि आरंभीच लिहून ठेवलेली उद्दिष्टे असतात. विकेंद्रीकरण हे मात्र घटना, कायदे, करव्यवस्था, राजकीय पक्ष आणि निवडणुका ह्यांच्या एकत्रित क्रियेतून घडते किंवा मोडते. ह्यांपैकी फारच थोड्या गोष्टी प्रकल्पाच्या कक्षेत असतात. त्यामुळे प्रकल्प आपल्या चौकटीत सफल आणि ज्या व्यवस्थेसाठी तो होता ती व्यवस्था दुर्बळ, अशी विसंगती उद्भवू शकते. टिकाऊपणाची कसोटी ह्या विसंगतीवर बोट ठेवू शकली असती. पण ती बहुधा प्रकल्प संपताना, म्हणजे टिकाऊपणा दिसू लागण्यापूर्वीच, लावली जाते.

युगांडातील रचना

१९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या युगांडात १९६७ च्या घटनेने व कायद्याने स्थानिक प्रशासन केंद्राच्या ताब्यात घेतले. त्यानंतरच्या दोन दशकांत हुकूमशाही व यादवी युद्ध ह्यांमुळे प्रशासन खिळखिळे झाले. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी ह्यांच्या राष्ट्रीय प्रतिकार चळवळीने सत्ता हाती घेतली. युद्धकाळात ह्या चळवळीने मुक्त केलेल्या प्रदेशात गावोगाव प्रतिकार परिषदा स्थापन केल्या होत्या. त्याच पुढे देशभर पसरविण्यात आल्या. १९९३ च्या कायद्याने त्यांस अधिकार मिळू लागले, १९९५ च्या घटनेने त्यांस घटनात्मक स्थान दिले आणि १९९७ च्या स्थानिक शासन कायद्याने संपूर्ण रचना निश्चित केली. गावापासून जिल्ह्यापर्यंत पाच पायऱ्यांच्या स्थानिक परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, स्थानिक रस्ते व कृषिविस्तार ही कामे त्यांच्याकडे आली. जिल्ह्याचे सेवक नेमण्याचा अधिकार जिल्हा सेवा आयोगाकडे गेला. ग्रामीण भागातील वसुलीपैकी ६५ टक्के रक्कम सब-कौंटीने, म्हणजे अनेक गावे मिळून झालेल्या विभागाच्या परिषदेने, स्वतःकडे ठेवावी व ३५ टक्के जिल्ह्याकडे पाठवावी, असे कायद्यात नमूद करण्यात आले.

ही रचना परकीयांनी लादली, असे म्हणता येणार नाही. तिची मुळे देशाच्या स्वतःच्या राजकीय संघर्षात होती, आणि साहाय्यदात्यांस तिचे आकर्षण वाटले ते ह्यामुळेच. डेन्मार्कने विकेंद्रीकरणाच्या मध्यवर्ती सचिवालयास व राकाई जिल्ह्यास साहाय्य दिले. आयर्लंड, नेदरलंड, ऑस्ट्रिया इत्यादी देशांनी आपापले जिल्हे निवडले. ह्या पद्धतीतील दोष लवकरच लक्षात आला. ज्या जिल्ह्यास परकीय पाठीराखा मिळाला त्याचे भाग्य उजळले, शेजारचा जिल्हा तसाच राहिला. आणि पाठीराख्याच्या स्वतंत्र हिशेबपद्धतीमुळे देशाची स्वतःची हिशेबपद्धती सुधारण्याचे काम मागे पडले.

अटींवर आधारलेले अनुदान

ह्यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या भांडवल विकास निधीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आरूआ, जिंजा, काबाले, कोटिडो व मुकोनो ह्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. कोणती कामे हाती घ्यावयाची हे साहाय्यदात्याने ठरवावयाचे नाही; परिषदेस भांडवली अनुदान द्यावयाचे आणि रस्ता, शाळेची खोली की विहीर हे तिने ठरवावयाचे. मात्र अनुदानास पात्र ठरण्यासाठी काही किमान अटी होत्या : विकास योजना तयार असावी, वार्षिक हिशेब वेळेवर पुरे झालेले असावेत, अंतर्गत तपासणीची व्यवस्था चालू असावी आणि परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के वाटा उचलावा. दरवर्षी परिषदांची परीक्षा होई. उत्तम कामगिरी करणाऱ्या परिषदेचे अनुदान २० टक्क्यांनी वाढे. निकृष्ट कामगिरी करणाऱ्या परिषदेचे तेवढेच घटे.

हा प्रयोग यशस्वी झाल्याचे मानून २००० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने स्थानिक शासन विकास कार्यक्रम ह्या नावाने तो देशभर नेण्यात आला आणि २००३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. पुढे टांझानिया, घाना, नेपाळ ह्यांसारख्या देशांनीही ह्याच धर्तीवरील अनुदानपद्धती स्वीकारली. एका छोट्या प्रयोगातून राष्ट्रीय धोरण निघावे आणि त्याचे इतरत्र अनुकरण व्हावे, हे परकीय साहाय्याच्या इतिहासात क्वचितच घडते. हिशेब वेळेवर होऊ लागले, योजना लिहिल्या जाऊ लागल्या, परिषदेच्या बैठकींस विषयपत्रिका मिळाली. हे लाभ खरे होते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

आकड्यांत जे दिसले

स्थानिक संस्थेच्या हाती पैसा गेला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचतो, हे गृहीत धरता येत नाही. ह्याचा प्रसिद्ध पुरावाही युगांडातूनच आला. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन ह्यांनी २५० प्राथमिक शाळांच्या हिशेबांची पाहणी करून असे दाखविले, की १९९१ ते १९९५ ह्या काळात शाळांसाठी केंद्राने पाठविलेल्या दरविद्यार्थी अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांच्या हाती पडत होते. उरलेली रक्कम मुख्यतः जिल्ह्याच्या पातळीवर अडत होती. हे उघड झाल्यावर सरकारने प्रत्येक जिल्ह्यास पाठविलेल्या रकमा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि शाळांनी मिळालेली रक्कम फलकावर लावावी असा नियम केला. २००१ पर्यंत शाळांपर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला.

माहिती प्रसिद्ध केल्याने गळती थांबते, असा ह्याचा अर्थ जगभर लावला गेला. तथापि पॉल हबर्ड ह्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की त्याच काळात इतरही पुष्कळ बदल झाले होते. १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण विनाशुल्क झाले आणि विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांच्या पुढे गेली. अनुदानाची रक्कम, ती पाठविण्याची रीत आणि केंद्राची देखरेख ही सर्वच बदलली. वृत्तपत्रातील आकड्यांचा वाटा त्यांत होता. परंतु सर्व श्रेय त्यांस देणे योग्य होणार नाही. एकाच वेळी अनेक कारणे कार्य करीत असताना एका कारणास फळ जोडून टाकण्याचा मोह किती बलवत्तर असतो, हे ह्या उदाहरणावरून लक्षात यावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९८ मध्ये कर्जमुक्तीचा लाभ मिळाल्यावर युगांडाने दारिद्र्य निवारण कृती निधी स्थापन केला, आणि साहाय्यदात्यांचाही पैसा त्यात येऊ लागला. हा पैसा स्थानिक परिषदांमार्फतच खर्च होई, त्यामुळे त्यांच्याकडे जाणाऱ्या रकमा झपाट्याने वाढल्या. पण त्या बहुतांशी सशर्त अनुदानाच्या रूपाने गेल्या : अमुक रक्कम शिक्षकांच्या वेतनासाठी, अमुक दवाखान्यासाठी, अमुक विहिरींसाठी. पैसा गरिबांसाठीच खर्च व्हावा ही साहाय्यदात्यांची चिंता समजण्यासारखी होती. परंतु तिचा परिणाम असा झाला, की परिषदेची तिजोरी भरली आणि परिषदेचा निर्णय आक्रसला. खर्चाचा आकडा पाहणाऱ्यास विकेंद्रीकरण वाढलेले दिसले. निर्णयाचा हक्क पाहणाऱ्यास तेच घटलेले दिसले.

आकड्यांत जे दिसले नाही

ज्या वर्षांत परिषदांच्या वार्षिक परीक्षा नियमित होत होत्या, त्याच वर्षांत व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या चार गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट कराची. ग्रामीण परिषदांच्या स्वतःच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन म्हणजे वसाहतकाळापासून चालत आलेला श्रेणीबद्ध कर. तो प्रौढ पुरुषांवर व कमावत्या स्त्रियांवर बसे. तो लोकांस अप्रिय होता आणि ते अकारण नव्हते. गरिबावर त्याचा भार अधिक पडे आणि वसुलीच्या वेळी धरपकड होई. २००१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हा कर प्रचाराचा विषय झाला, आणि २००६ च्या निवडणुकीपूर्वी, २००५ मध्ये, तो रद्द करण्यात आला. केंद्राने दिलेली भरपाई अपुरी पडली. पर्यायी स्थानिक सेवा कर २००८ मध्ये आला, तोही तुटीची जागा भरून काढू शकला नाही. एक अन्याय्य कर गेला हे खरे. पण त्याबरोबर, आपण दिलेल्या पैशाचे काय झाले, असे परिषदेस विचारण्याचा नागरिकाचा एक सबळ आधारही गेला. ज्या अनुदानासाठी स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के वाटा आवश्यक होता, त्या अनुदानाचा पायाच त्यामुळे डळमळीत झाला.

दुसरी गोष्ट सेवकांची. २००५ च्या घटनादुरुस्तीने जिल्ह्याच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याची नेमणूक जिल्हा सेवा आयोगाकडून काढून केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे देण्यात आली. स्थानिक पुढाऱ्यांच्या दडपणापासून अधिकाऱ्यास संरक्षण मिळावे, हे त्यामागील कारण सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु ह्या बदलानंतर परिषदेच्या हिशेबाचा सूत्रधार परिषदेकडे पाहण्याऐवजी राजधानी कंपालाकडे पाहू लागला.

तिसरी गोष्ट जिल्ह्यांच्या संख्येची. १९८६ मध्ये युगांडात ३३ जिल्हे होते; १९९७ मध्ये ४५ झाले, २०१० मध्ये संख्या शंभराच्या पलीकडे गेली आणि पुढे ती १३० च्या वर पोहोचली. नवा जिल्हा म्हणजे नवी नोकरी, नवे कार्यालय आणि नवा मान. म्हणून लोकांचीच ती मागणी असे. गाय ग्रॉसमन आणि जॅनेट लुइस ह्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखविल्याप्रमाणे ह्या विभाजनाची दुसरी बाजू अशी, की लहान व दुर्बळ जिल्हा केंद्राशी वाटाघाटी करू शकत नाही. वर पाहता सत्ता अधिक जवळ आली. प्रत्यक्षात तिचे तुकडे इतके लहान झाले की ते केंद्राच्या मुठीत सहज मावू लागले.

चौथी गोष्ट निवडणुकीची. सर्व रचनेचा पाया म्हणजे गावाची परिषद. ह्या परिषदांच्या निवडणुका २००१ नंतर थेट २०१८ मध्ये झाल्या. मधल्या काळात वरच्या पायऱ्यांच्या निवडणुका होत राहिल्या. गावातील परिषद मात्र जुन्याच सदस्यांवर चालत राहिली. अनुदानाच्या किमान अटींत योजना, हिशेब व तपासणी ह्यांस स्थान होते. पण परिषदेस अलीकडे कोणी निवडले आहे काय, हे त्या परीक्षेचे मुख्य अंग नव्हते.

ह्या चारही बदलांत साहाय्यदात्यांचा उघड हात नव्हता. परंतु त्यांच्या मूल्यमापनाचे माप असे होते की त्यात हे बदल पकडले जात नव्हते. विद्यार्थ्याचे हस्ताक्षर सुधारले हे गुरुजींनी काळजीपूर्वक नोंदवावे आणि त्याच्या हातून पाटीच काढून घेतली जात आहे हे पाहू नये, तसा हा प्रकार झाला.

कार्यकारणाची अडचण

साहाय्य मिळाले नसते तर काय झाले असते, हे सांगता आल्याशिवाय साहाय्याचा परिणाम सांगता येत नाही. संपूर्ण देशाच्या घटनात्मक बदलास तुलनेसाठी दुसरा देश मिळत नाही. म्हणून अलीकडील संशोधकांनी लहान क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून गावांची निवड करण्याची पद्धत अवलंबिली आहे. निवडलेल्या गावांस साहाय्य द्यावयाचे, उरलेल्या गावांस त्या काळात द्यावयाचे नाही, आणि काही वर्षांनी दोहोंची तुलना करावयाची.

ह्या पद्धतीचा एक उत्तम नमुना पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे आढळतो. तेथे १९७२ मध्ये रद्द झालेल्या स्थानिक परिषदा १९९१ ते २००२ ह्या यादवी युद्धानंतर २००४ च्या कायद्याने पुन्हा स्थापन झाल्या. पाठोपाठ बोम्बाली व बोन्थे ह्या दोन जिल्ह्यांतील २३६ गावांत गोबिफो ह्या कार्यक्रमाची परीक्षा घेण्यात आली. ह्या कार्यक्रमात निवडलेल्या गावास सुमारे पाच हजार डॉलरचे अनुदान मिळे, आणि त्याबरोबर स्त्रिया व तरुण ह्यांस गावच्या निर्णयात सामील करून घेण्याविषयी दीर्घकाळ मार्गदर्शन होई. कॅथरिन केसी, रेचेल ग्लेनर्स्टर आणि एडवर्ड मिगेल ह्यांनी २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ प्रश्नावलीवर विसंबून न राहता त्यांनी गावांस प्रत्यक्ष निर्णयाचे प्रसंग आणून दिले. मीठ हवे की विजेरीचे सेल, असा पर्याय गावापुढे ठेवला आणि निर्णय सभेत होतो की चार वडीलधारी बाजूला जाऊन ठरवितात, हे पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की साहाय्य मिळालेल्या गावांत इमारती व सोयी वाढल्या, बाजारही थोडा वाढला. परंतु निर्णय घेण्याच्या रीतीत फरक पडला नाही. कार्यक्रम संपल्यावर स्त्रियांचा व तरुणांचा आवाज इतर गावांतल्याइतकाच राहिला.

ह्या पद्धतीची शक्ती व मर्यादा दोन्ही येथे स्पष्ट होतात. लोकांस विचारले असता 'आता सर्वांचे ऐकले जाते' असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. मीठ आणि सेल ह्यांच्या निवडीत ते उत्तर तपासले गेले. परंतु चिठ्ठी टाकून गाव निवडता येते, घटना किंवा करव्यवस्था निवडता येत नाही. युगांडातील चार बदल कोणत्याही चिठ्ठीत बसणारे नव्हते. तेथे कालक्रम, कायद्यांचा मजकूर, अंदाजपत्रके व राजकीय घटना ह्यांचा इतिहासकाराच्या शिस्तीने मागोवा घेणे हाच मार्ग उरतो. संख्यात्मक पद्धत ही ह्या मार्गाची जोडीदार आहे, पर्याय नव्हे.

जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन गटाने १९९० ते २००७ ह्या काळातील बँकेच्या विकेंद्रीकरणविषयक साहाय्याचा वीस देशांच्या आधारे जो आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा सूरही असाच आहे. कायद्याची चौकट, केंद्राकडून येणाऱ्या अनुदानाची नियमितता आणि स्थानिक हिशेबव्यवस्था ह्यांत साहाय्याचा उपयोग झाला. परंतु निरनिराळ्या पायऱ्यांची कर्तव्ये स्पष्ट करणे आणि स्थानिक संस्थांचे स्वतःचे उत्पन्न वाढविणे ह्यांत यश कमी आले. लोकांस मिळणाऱ्या सेवा सुधारल्या काय, ह्याचे उत्तर देण्यास आवश्यक ती नोंदच पुष्कळ ठिकाणी ठेवलेली नव्हती.

भारतातील एक जुने उदाहरण

परकीय साहाय्य, मूल्यमापन व विकेंद्रीकरण ह्या तिहींचा संबंध मराठी वाचकास अपरिचित नाही. अमेरिकेशी जानेवारी १९५२ मध्ये झालेल्या तांत्रिक सहकार्य कराराच्या आधाराने २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणास फोर्ड प्रतिष्ठानाने पैसा दिला. त्याच वर्षी नियोजन मंडळाच्या आश्रयाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली व तिचे संचालकपद प्रा. द. गो. कर्वे ह्यांच्याकडे आले. कार्यक्रम राबविणाऱ्या यंत्रणेहून ही संघटना वेगळी होती. लोकांचा सहभाग अपुरा आहे आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला आहे, हे तिच्या पाहणींतून पुढे येत गेले. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने ह्या दुखण्यावर लोकशाही विकेंद्रीकरण हा उपाय सुचविला. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

येथील साहाय्य विकेंद्रीकरणासाठी नव्हते. ते ग्रामविकासासाठी होते. विकेंद्रीकरण घडले ते साहाय्याने नव्हे, तर देशातील लोकांनीच केलेल्या मूल्यमापनाने दोष उघड केल्यामुळे आणि तो दोष देशातील विधिमंडळांनी मनावर घेतल्यामुळे. मूल्यमापनाचा वाचक कोण, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. अहवाल परदेशातील साहाय्यदात्यासाठी लिहिला गेला, तर त्याचे पर्यवसान पुढील हप्ता देण्यात किंवा थांबविण्यात होते. तो देशातील लोकप्रतिनिधींसाठी लिहिला गेला, तर त्यातून कायदा निघू शकतो.

अर्थात देशी उगम आणि घटनात्मक स्थान एवढ्याने व्यवस्था सुरक्षित होते, असेही नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या नियमित निवडणुकांची हमी दिली. तरीही महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचा कारभार होता. ह्या काळात शाळा चालू होत्या, रस्ते होत होते, हिशेबही लिहिले जात होते. केवळ कामे मोजणाऱ्या मूल्यमापकास ह्या काळात काही उणे आहे असे वाटले नसते.

कसोट्यांची पुनर्रचना

वरील विवेचनावरून विकेंद्रीकरणास दिलेल्या साहाय्याचे मूल्यमापन करताना पुढील प्रश्न अग्रक्रमाने विचारले पाहिजेत असे दिसते. परिषदेच्या एकूण खर्चापैकी किती रक्कम तिला आपल्या निर्णयाने वळविता येते? तिच्या उत्पन्नाचा किती भाग तिच्याच मतदारांकडून येतो, आणि तो साहाय्याच्या काळात वाढला की घटला? तिचे प्रमुख सेवक कोण नेमतो व कोण दूर करतो? तिच्या निवडणुका ठरल्या वेळी होतात काय? आणि शेवटचा प्रश्न असा, की केंद्राने उद्या तिचा एखादा अधिकार काढून घ्यावयाचे ठरविले, तर त्यास अडविणारे कोणी आहे काय : न्यायालय, विधिमंडळ, वृत्तपत्रे किंवा स्वतः मतदार?

ह्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास फार मोठा खर्च लागत नाही. अंदाजपत्रके, नेमणुकांचे आदेश आणि निवडणुकांच्या तारखा ही साधने बहुतेक देशांत उपलब्ध असतात. लागतो तो काळाचा धीर. साहाय्य संपताना एकदा, पाच वर्षांनी पुन्हा एकदा आणि एखादी राष्ट्रीय निवडणूक उलटल्यावर आणखी एकदा तेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत. कारण युगांडातील निर्णायक बदल निवडणुकीच्या तोंडावर झाले, प्रकल्पाच्या वेळापत्रकानुसार झाले नाहीत.

असे मूल्यमापन साहाय्यदात्यांस गैरसोयीचे वाटेल, कारण त्यांच्या हाती नसलेल्या गोष्टींचा जाब त्यात विचारला जातो. परंतु ह्या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. ज्या गोष्टी साहाय्यदात्याच्या हाती नाहीत त्यांवरच विकेंद्रीकरण अवलंबून असेल, तर साहाय्याने काय साधू शकते आणि काय साधू शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगणे हे मूल्यमापनाचे पहिले कर्तव्य ठरते. साहाय्य हिशेब शिकवू शकते, नियमितता आणू शकते, चांगल्या परिषदेस बळ देऊ शकते. सत्ता मात्र त्यास देता येत नाही. ती देशातील लोकांनी आपल्या केंद्राकडून मिळवावयाची व राखावयाची असते. साहाय्याचा शेवटचा हप्ता खर्च झाल्यावर परिषदेच्या हाती जो निर्णय उरतो, तेवढेच विकेंद्रीकरण झाले असे समजावे.